वन्संचा अंगठा

लग्नाच्या आठव्या दिवशी माझ्या नणंदेनं मला मारलं. कारण काय, तर कांदा चिरून झाल्यावर मी सुरी त्यांच्या हातात द्यायला गेले. त्यांनी सुरी घेतली नाही, उलट माझ्या मनगटावर असा फटका हाणला की सुरी उडून ओट्याखाली गेली.

"हातातून हातात नाही," त्या म्हणाल्या. "ठेव खाली. मी उचलीन."

आठ दिवसांची नवरी मी, भरल्या घरात मार खाल्ला, आणि घरातलं एक माणूस माझ्या बाजूनं बोलेल तर शपथ! नवरा पेपरात तोंड खुपसून बसला. मग दुपारी खोलीत येऊन हळूच सांगायला लागला, की त्याच्या आजोबांचा तळहात असाच, सत्तूर देता-घेता चिरला होता. देणाऱ्याला वाटलं घेतला, घेणाऱ्याला वाटलं अजून सोडलेला नाही. तेव्हापासून या घरात पातं हातातून हातात जात नाही. देणाऱ्यानं खाली ठेवायचं, हात काढून घ्यायचा, मग दुसऱ्यानं उचलायचं. मी म्हटलं, हे तोंडानं सांगता आलं नसतं का? तो म्हणाला, "ताईला तोंडानं सांगायची सवय नाही."

नवऱ्याची मोठी बहीण म्हणून मी त्यांना वन्सं म्हणते. बाकी सगळी गल्ली त्यांना धारवाली म्हणते. त्यांचा गाडा होता, तीन चाकांचा. वर धारेचं चाक, खाली ते फिरवायचं लाकडी पायडल, बाजूला पाण्याचा डबा आणि बारीक दगडांची पेटी. वडिलांच्या पश्चात भावानं, म्हणजे माझ्या नवऱ्यानं, दुकानात नोकरी धरली आणि गाडा वन्संनी घेतला. अंगानं काटकुळ्या, उंची बेताची, पण मनगटात जोर असा की शेजारपाजारचे पुरुष न उघडणाऱ्या बरण्या गुपचूप त्यांच्याकडे आणायचे. आणि राग नाकाच्या शेंड्यावर! लग्न झालं होतं त्यांचं. नवऱ्यानं एकदा, आयुष्यात एकदाच, त्यांच्यावर हात टाकला. वन्संनी गाड्याचं पायडल उपटलं आणि त्याच्या खांद्यावर घातलं. गळ्याजवळचं हाड मोडलं. दवाखान्यातून तो परस्पर आपल्या बहिणीकडे गेला तो कायमचाच. "बरं झालं, एक ताट कमी घासायचं," इतकंच त्या म्हणाल्या.

मला भीती वाटायची त्यांची. खोटं कशाला सांगू? पण त्यांचा उजवा अंगठा पाहिला की मी सगळं विसरायचे. अंगठ्याच्या पेराला हजार बारीक रेघा, कातडी जाड, पिवळट. धार लावून झाली की हा अंगठा पात्याला आडवा न्यायच्या, हलकेच. लांबीनं कधीच नाही, लांबीनं नेला की गेलाच म्हणून समजा. आणि तेवढ्यावर त्यांना सगळं कळायचं. डोळे मिटून सांगायच्या, हा सत्तूर कुणाचा, त्यानं काल काय कापलं, कापणारा डावखुरा आहे का. मी एकदा घरातल्या पाच सुऱ्या मिसळून परीक्षा घेतली. पाचही ओळखल्या, वर म्हणाल्या, "ही शेजारणीची आहे. परत दे, चोरटे."

आता आमच्या गल्लीबद्दल. घड्याळाच्या मनोऱ्यापासून खाली बोटींच्या धक्क्यापर्यंत एकच रस्ता, आणि त्यावर एकोणीस चायनीज हॉटेलं. का, ते मला विचारू नका. पर्यटक बोटीतून उतरतो, मनोऱ्याचा फोटो काढतो आणि त्याला चायनीज खायचं असतं. एकोणीस ठिकाणी लाल कंदील, एकोणीस पाट्या, प्रत्येक पाटीवर 'अस्सल'. दारात माणसं ओढणारे उभे. हातात मेनू, तोंडात सात भाषांतलं 'या या', आणि गिऱ्हाईक शेजारच्या दारात वळलं की शिवी. नुसती शिवीही नाही. मी काउंटरवरून रोज बघायचे. एकदा एकानं दुसऱ्याच्या तोंडावर गरम सुपाचं भांडं रिकामं केलं. एकदा गिऱ्हाइकाच्या बॅगेची दोन हँडलं दोघांनी धरली आणि बॅग मधोमध फाटली, आत त्या बिचाऱ्या बाईचे कपडे, सगळे रस्त्यावर. ती रडत होती आणि हे दोघे तिच्या कपड्यांवर लोळत एकमेकांचे केस उपटत होते.

मी याच रस्त्यावर एका लॉजच्या काउंटरवर बसते. येणारा प्रत्येक पाहुणा दोन गोष्टी विचारतो. पहिली, वायफायचा पासवर्ड. दुसरी, इथं चांगलं चायनीज कुठं मिळेल? मी सगळ्यांना डोळे झाकून दुमजलीत पाठवायचे. दुमजली म्हणजे रस्त्यातलं सगळ्यात मोठं हॉटेल, दोन मजले, दारात भिंतभर मत्स्यालय, त्यात ताटाएवढे केशरी मासे. दुमजलीवाला स्वतः गोड माणूस. दर शनिवारी सगळ्या लॉजच्या काउंटरवर नूडल्सचा डबा पाठवायचा, फुकट. मी ते नूडल्स मिटक्या मारत खाल्लेत. माझ्या जिभेला तेव्हा अक्कल नव्हती.

एका सकाळी एक आडदांड पाहुणा जिन्यावरून धाडधाड उतरला. मी हसून 'गुड मॉर्निंग' म्हणणार तोच त्यानं काउंटरवरचा पाण्याचा जग उचलून माझ्यावर भिरकावला. काचेचा जग. कपाळावर फुटला. डोळ्यांत रक्त, कानांत त्याचा आरडाओरडा. त्याची बायको पहाटेपासून बाथरूमच्या फरशीवर पडून होती. "तू पाठवलंस! तूच!" असं तो ओरडत होता, आणि खरं सांगू, रक्त पुसता पुसता मला वाटलं, बरोबर बोलतोय मेला. मी कधी विचारच केला नव्हता. माझ्या कपाळाला तीन टाके पडले.

घरी वन्संनी ते टाके बघितले. मी म्हटलं, "वन्सं, तुम्ही तर एकोणीसही ठिकाणी मागच्या दारानं जाता. मला सांगा ना, चांगलं कुठलं?"

"आम्ही सांगत नसतो. आतलं दिसतं ते आतच ठेवायचं. बाबांनी कधी सांगितलं नाही."

"मग पुढचा जग तुमच्यासाठी ठेवते!"

त्या हसल्या. मग म्हणाल्या, "अगं, पाट्या बघून काय कळतं? सत्तूर बघायचा." आणि जेवणाचं ताट बाजूला सारून मला शिकवायला बसल्या. चिनी आचाऱ्याचं सगळं काम एका सत्तुरावर. पुढचा भाग झिजला असेल तर भाजी रोज ताजी चिरली जाते. मुठीजवळच्या भागाला खाचा असतील तर कोंबडी अख्खी येते आणि हाडासकट तिथंच तोडली जाते. सपाट बाजूवर लसूण-आलं चेचल्याचे डाग असतील तर वाटण डब्यातलं नाही. "आणि वाईट हॉटेल कसं ओळखायचं, माहितेय? तिथून सत्तूर येतच नाहीत धारेला. कात्र्या येतात. पिशव्या कापायच्या कात्र्या. गोठवलेल्याची पिशवी, सॉसची पिशवी, वाटणाची पिशवी. तुझ्या दुमजलीतून मला सहा वर्षांत एक सत्तूर आला नाही. दर महिन्याला अकरा कात्र्या."

एकोणिसातली तीन चांगली, असं त्यांनी सांगितलं. एक मनोऱ्यामागचं, एक लाँड्रीच्या वरच्या मजल्यावरचं, आणि सगळ्यात चांगलं धक्क्याजवळचं, सहा टेबलांचं. तिथला म्हातारा आचारी गेली तीस वर्षं एकच सत्तूर वापरतोय. आधी वन्संच्या वडिलांनी आणि मग वन्संनी धार लावून लावून त्याचं पातं निम्म्यावर आलंय, तरी तो बदलायला तयार नाही.

"पण तोंडानं सांग," वन्सं म्हणाल्या. "लिहू नकोस कुठं."

मी लिहिलं.

माझं काय झालं होतं, सांगते. रोज पन्नास जण विचारणार, पन्नासदा तेच सांगायचं, आणि वर प्रत्येकाचा प्रश्न, तुम्हाला कसं माहीत? मला कंटाळा आला, आणि शहाणपणाही सुचला. पांढऱ्या पुठ्ठ्यावर तीन नावं लिहिली, नकाशा काढला आणि खाली मोठ्या अक्षरांत: 'या तीन स्वयंपाकघरांत सत्तूर झिजतात. बाकीच्यांत कात्र्या झिजतात.' काय पण वाक्य लिहिलं मी, असं वाटून दिवसभर स्वतःवर खूश होते. ते वाक्य सबंध रस्त्यात एकच माणूस सांगू शकतो, हे माझ्या टाळक्यात आलं नाही. पाहुण्यांनी पुठ्ठ्याचे फोटो काढले. फोटो कुठून कुठं गेले देव जाणे. दोन आठवड्यांत म्हाताऱ्याच्या सहा टेबलांपुढे धक्क्यापर्यंत रांग लागली आणि दुमजलीचा वरचा मजला दुपारचा रिकामा पडायला लागला. शनिवारचा नूडल्सचा डबा यायचा बंद झाला.

पहिल्यांदा त्यांनी गाडा फोडला. भर दुपारी, मनोऱ्याखाली. दुमजलीचे दोन ओढणारे, एक जाड्या आणि एक कानात बाळी घातलेला, आले आणि काही न बोलता लोखंडी कांबेनं चाक फोडायला लागले. वन्संनी जाड्याच्या पोटरीत लाथ घातली. बाळीवाल्यानं त्यांचे केस धरून त्यांना डांबरावर ओढलं. मग वन्संनी त्याचा कान चावला. चावला म्हणजे बाळीसकट पाळी तोंडात आली. त्यांनी ती थुंकली आणि म्हणाल्या, "जा, शिवून घे." लोक फोटो काढत होते. त्यांना वाटलं असेल, इथला काही खेळ आहे.

मी घरी पोचले तेव्हा वन्सं गुडघ्यातली खडी चिमट्यानं काढत बसल्या होत्या. माझ्याकडे वर न बघता विचारलं, "लिहिलंस ना?"

मी मान हलवली. मला वाटलं आता फटका बसणार. मला तो हवाही होता. पण त्या नुसत्या म्हणाल्या, "चूक माझी. सांगितलं मी." त्यापेक्षा त्यांनी मला उभी चिरली असती तर बरं झालं असतं. मी धावत लॉजवर जाऊन पुठ्ठा फाडला, पण त्याचा आता काय उपयोग? पुठ्ठा सगळ्यांच्या फोनमध्ये होता.

नवऱ्यानं गाड्याला दुसरं चाक बसवून दिलं. नऊ-दहा दिवस शांततेत गेले. मग मंगळवारी दुमजलीवाल्याचा निरोप आला. झालं गेलं विसरून जाऊ, दहा सत्तूर आहेत धारेला, चार वाजता या.

"जायचं नाही," मी म्हटलं. "वन्सं, तुमच्या पाया पडते, जायचं नाही."

"दहा सत्तूर!" त्या म्हणाल्या. "अगं, खरंच वापरायला लागले असतील तर? मग त्यांचं नाव आपण तीनात घालायला नको का? एकदा तोंडातून बोललं ना, आता खरं तेच बोलायला हवं." आणि गेल्या. रागीट माणसं किती भोळी असतात, ते मला त्या दिवशी कळलं.

आत काय झालं ते वन्संनी मला एकदाच सांगितलं, तेच सांगते. चार वाजता हॉटेलांच्या स्वयंपाकघरांत शांतता असते, दुपारचं संपलेलं, संध्याकाळचं सुरू व्हायचं असतं. दुमजलीत ओट्यावर दहा सत्तूर ओळीनं मांडले होते. कोरे. खोक्यातून काढलेले, पात्यांवर अजून कारखान्याचं तेल. नवं पातं धार लावल्याशिवाय कापत नाही. वन्संनी एकावर अंगठा आडवा नेला आणि त्यांना कळलं, हे दाखवण्यापुरते आणलेत. त्या वळल्या, तर दारात जाड्या आणि बाळीवाला, कानाला पट्टी. दुमजलीवाल्यानं एक सत्तूर उचलला आणि मुठीकडून त्यांच्यापुढे धरला. गोड हसत.

"घ्या ना, धारवाली."

"खाली ठेवा. मी उचलीन."

तो हसला आणि म्हणाला, "तुझा अंगठा फार बोलतो म्हणे." दोघांनी तिला दाबून धरलं. वन्संना 'तिला' म्हटलं मी, माफ करा, हे सांगताना माझं डोकं ठिकाणावर राहत नाही. एकानं मान, एकानं कोपर. उजवा हात लाकडी ठोकळ्यावर. पहिला घाव बसला आणि सत्तूर उसळून परत वर आला. दुसऱ्याला हाड मोडल्याचा आवाज झाला. तिसऱ्यालाही अंगठा तुटला नाही. दुमजलीवाला घामाघूम झाला, त्याला उलटी यायला लागली, आणि चौथा घाव त्यानं सत्तुराच्या पाठीनं घातला, आंधळ्यासारखा. वन्सं म्हणाल्या, "मला त्या वेळी दुखण्यापेक्षा लाज वाटत होती गं. इतकं बोथट पातं आणि मी काही करू शकत नव्हते."

ठोकळ्यावरून हात सुटला तशा त्या चालत बाहेर पडल्या. मागच्या दारानं, मागच्या गल्लीतून, पाच दारं ओलांडून धक्क्याजवळच्या म्हाताऱ्याच्या दारात. म्हातारा आलं चिरत होता. त्यानं हातातला सत्तूर आधी खाली ठेवला, मग यांचा हात बघितला, आणि एकच शब्द बोलला, "बोथट." स्वतःचा एप्रन फाडून हात बांधला आणि रिक्षात घालून दवाखान्यात नेलं. मला फोन केला.

डॉक्टर तरुण मुलगी होती, डोळे थकलेले. मी तिच्या मागे लागले, जोडा, कसाही करून जोडा, बोटं जोडतात ना हल्ली?

"जोडतात," ती म्हणाली. "धारदार पात्यानं एका घावात तुटलं असतं तर मी आज जोडून दिलं असतं. कापलेल्या शिरा जुळतात. हा कापलेला नाहीये. चेचलेला आहे. यात जोडायला काही उरलं नाही, काढावा लागेल."

मी ऐकलं. पुन्हा विचारलं, पुन्हा ऐकलं. म्हणजे त्या भडव्यानं आयुष्यात एकदा जरी सत्तुराला धार लावून घेतली असती, तर वन्संचा अंगठा वाचला असता.

तळपायाची आग मस्तकात जाणं म्हणजे काय, ते मला तेव्हा समजलं. दवाखान्यातून मी सरळ लॉजवर आले. मालक काहीतरी विचारत होता. मी पाहुण्यांच्या सामानाची ढकलगाडी घेतली, पितळी दांड्यांची, भरीव, तिच्यावर चार बॅगा तशाच होत्या, आणि रस्त्याच्या उतारावर पळत सुटले. लोक बाजूला झाले. एक ओढणारा मेनू घेऊन 'या या' म्हणत आडवा आला, त्याच्या पायावरून चाक गेलं. दुमजलीचं दार उघडंच होतं. मी ढकलगाडी सोडली नाही, तिच्यासकट आत गेले, आणि भिंतभर मत्स्यालयावर आदळले.

एकदा नाही फुटलं. मी मागे घेतली आणि पुन्हा घातली. दुसऱ्यांदा काच अशी फुटली की पाण्यानं मला उचलून गल्ल्यापर्यंत नेलं. बायका किंचाळत टेबलांवर चढल्या. पायाखाली ताटाएवढे मासे उडत होते, काचा पोटऱ्यांत घुसत होत्या. जाड्या धावत आला, त्याचा पाय माशावर पडला आणि तो तोंडावर आपटला. मी त्याच्या पाठीत एक खुर्ची घातली. दुसरी खुर्ची दुमजलीवाल्याला फेकली, ती चुकली. ती चुकली याचं मला आजही वाईट वाटतं.

पोलीस दहा मिनिटांत आले. ऐका नीट. माणसाचा अंगठा चेचला होता, दवाखान्यातून पोलिसांना कळवलं होतं, तेव्हा तासाभरात कुणी फिरकलं नव्हतं. मासे फुटपाथवर आले तसे दहा मिनिटांत आले.

चौकीत इन्स्पेक्टरसमोर मी ओली, रक्तानं माखलेली, आणि समोर दुमजलीवाला, हात जोडून, डोळ्यांत पाणी. काय बोलावं त्यानं? "साहेब, अपघात झाला. धारवाली आमच्याकडे धार लावत होत्या. लावून झाली, आणि तपासताना हात घसरला. त्यांच्या हातची धार म्हणजे काय सांगू, वस्तऱ्यासारखी! ही बाई उगाच वेडी होऊन आमच्यावर..." जाड्या आणि बाळीवाल्यानं माना डोलावल्या. इन्स्पेक्टरनं लिहायला घेतलं. सत्तूर टेबलावर होता, प्लॅस्टिकच्या पिशवीत. दुमजलीवाल्यानं स्वतःच आणून दिला होता, भला माणूस असल्यासारखा. धुतलासुद्धा नव्हता.

तेवढ्यात म्हातारा आचारी आत आला, दारातून त्यानं सगळं ऐकलं होतं. एप्रन अर्धा फाटलेला, तसाच. इन्स्पेक्टर त्याला ओळखत होता, चौकीतले सगळे दुपारी त्याच्याकडेच जेवायचे.

"धार लावून झाली होती म्हणतो?" म्हाताऱ्यानं विचारलं.

"झाली होती," दुमजलीवाला म्हणाला. "शेवटचाच हात चालला होता."

"साहेब, कागद कापून बघा."

इन्स्पेक्टरनं रुमालात धरून सत्तूर पिशवीतून काढला. टेबलावरचा एक कोरा कागद उभा धरला आणि पातं लावलं. कागद वाकला. दाबलं, तर कागद चुरगळला. कोपऱ्यात हवालदाराचा डबा होता, त्यातला टोमॅटो घेतला. टोमॅटो चिरला नाही, फुटला. बिया इन्स्पेक्टरच्या वहीवर उडाल्या.

"तीस वर्षं तिच्या घराण्याची धार वापरतोय मी," म्हातारा म्हणाला. "तिनं हात लावलेलं पातं असं कधी नसतं. ह्या सत्तुराला तिनं धार लावलेली नाही."

मग बाळीवाला रडायला लागला आणि म्हणाला, मी फक्त कोपर धरलं होतं.

दुमजलीवाला आता आत आहे, दुमजलीला कुलूप आहे. माझ्यावरही तोडफोडीची केस आहे, ती चालू द्या, मी प्रत्येक तारखेला केस विंचरून जाते. पण यानं काय झालं? अंगठा थोडाच परत आला? टाके निघाल्यावर वन्संनी पहिल्यांदा हात बघितला तेव्हा चार बोटं आणि पलीकडे एक गुलाबी उंचवटा. मी म्हटलं, "वन्सं, मला मारा. एकदा मारा." त्या म्हणाल्या, "कशानं मारू?" आणि भिंतीकडे तोंड करून पडून राहिल्या. तीन महिने गाड्यावर चादर होती. त्या तीन महिन्यांत त्यांनी कुणालाही एक शिवी दिली नाही. घरात आम्हाला झोप लागेना.

मग एके दिवशी मीच चादर काढली. म्हटलं, पातं तुम्ही डाव्या हातानं धरा, पायडल मारा, तपासायचं मी बघते. त्या ऐकेनात. भांडलो. मी पाण्याचा डबा आपटला, त्यांनी दगडांची पेटी फेकली, खिडकी फुटली. नवरा पेपर घेऊन बाहेर गेला. मला इतकं बरं वाटलं की काय सांगू! त्या संध्याकाळपासून लॉजची ड्यूटी संपली की मी त्यांच्याबरोबर जाते. त्या डाव्या हातानं धार लावतात. वेळ लागतो, पण लागते. अंगठा मात्र माझा लावायचा. डाव्या अंगठ्याला म्हणे काही ऐकू येत नाही.

"आडवा ने. आडवा, बैले! काय म्हणतंय?"

"गुळगुळीत आहे."

"मग अजून झाली नाही. धार अंगठ्याला किंचित धरते."

पहिल्या आठवड्यात माझा अंगठा चार ठिकाणी चिरला. पाहुणे विचारतात, काय झालं? चांगलं चायनीज कुठं, तेही विचारतात. मी तोंडानं सांगते.

परवा म्हाताऱ्याच्या दारात होतो. त्याचा तो अर्ध्यावर आलेला सत्तूर वन्संनी धारेला घेतला, बराच वेळ घेतला, आणि ठोकळ्यावर ठेवून हात काढून घेतला. मी उचलला. अंगठा आडवा नेला. कातडीला काहीतरी हलकेच धरल्यासारखं झालं, आणि मी आनंदानं भान विसरून ओरडले, "वन्सं, झाली!" आणि सत्तूर सरळ त्यांच्या हातात द्यायला गेले.

मनगटावर फटका बसला. उजव्या हाताचा, चार बोटांचा, जुना तोच. सत्तूर ठोकळ्यावर पडला.

"हातातून हातात नाही. ठेव खाली. मी उचलीन."

आणि सवयीनं त्यांचा उजवा हातच पुढे गेला. चार बोटं मुठीभोवती मिटली. सत्तूर अर्धा वर आला, फिरला आणि ठोकळ्यावर आपटला. त्यांनी पुन्हा धरला. पुन्हा पडला. म्हातारा आतल्या बाजूला वळून भांडी लावायला लागला.

वन्संनी हात पदराखाली घेतला. 

"तूच उचल," त्या म्हणाल्या.

मी उचलला.